खरे लिहिण्याची सोय

बालवाडीच्या प्रवेश-अर्जावर तळाशी, वडिलांचा व्यवसाय आणि मुलाचा रक्तगट यांच्या आसपास कुठेतरी एक रकाना असतो. ‘पाल्यास काही जुनाट आजार आहे काय? असल्यास तपशील.’ तीस वर्षांहून अधिक काळ मी सांगलीत बालवाडी चालवते आहे. एवढ्या काळात असे किती अर्ज हातांखालून गेले याची गणती नाही. त्या रकान्यात बहुतेक पालक एकच शब्द लिहितात, ‘नाही’. काही जण नुसती आडवी रेघ मारतात. मग जुलै उजाडतो, पावसाची झड लागते आणि चार वर्षांच्या एखाद्या पोराच्या दप्तरात, डब्याच्या खाली, नॅपकिनात गुंडाळलेला निळा पंप सापडतो.

असा पंप सापडल्यावर एका आईला मी विचारले होते, ‘‘अहो, अर्जात लिहिलं का नाहीत?’’ ती शांतपणे म्हणाली, ‘‘आधीच्या शाळेत खरं लिहिलं होतं, बाई. दुसऱ्या दिवशी गेलो तर जागा भरल्या म्हणाले.’’

या आईला खोटारडी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिने एकदा खरे बोलून पाहिले आणि त्याची किंमत मोजली. माझे म्हणणे एवढेच आहे की, खरे लिहिल्यामुळे प्रवेश जाणार असेल तर पालक खरे लिहिणार नाहीत. आणि ते लिहिणार नाहीत तोवर सकाळी नऊ ते बारा या वेळात त्यांचे मूल अशा बाईंच्या स्वाधीन असेल, ज्यांना त्याच्या दुखण्याची काडीचीही कल्पना नाही. प्रवेश नाकारणाऱ्या शाळेला वाटते की, आपण जबाबदारी टाळली. प्रत्यक्षात ती जबाबदारी पुढच्या शाळेच्या दप्तरात, डब्याखाली लपून येते.

दमा हे त्यातले सगळ्यात नेहमीचे दुखणे. आमच्या भागात ऊस तुटला की फडातले पाचट पेटवतात. थंडीत त्या धुराचा थर सकाळी गावावर बसलेला असतो आणि त्या आठवड्यात वर्गातली दोन-चार मुले तरी खोकत येतात. त्यात आम्ही काय करतो? सतरंज्या वर्गातच झटकतो, प्रार्थनेला उदबत्ती लावतो, फळा कोरड्या फडक्याने पुसतो. हे सगळे दारात, अंगणात किंवा ओल्या फडक्याने करायला एक पैसा लागत नाही; फक्त आपल्या वर्गात दम्याचे मूल आहे हे ठाऊक असावे लागते. आणि ‘पंपाची सवय लागते’ ही समजूत तर आजी-आजोबांपासून शिक्षिकांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसली आहे. पंपातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून ते गोळीपेक्षा किंवा पातळ औषधापेक्षा कितीतरी कमी मात्रेत पुरते. लहान मुलांसाठी त्याला प्लॅस्टिकची नळी आणि तोंडावर बसणारा मास्क जोडतात. डॉक्टरांनी किंवा आईने एकदा समोर करून दाखवले की आमच्या मदतनीस मावशींनाही ते जमते. त्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे, आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

खरी कसोटी लागते ती मधुमेहात. ‘एवढ्याशा पोराला कुठला मधुमेह?’ असे शिकलीसवरलेली माणसेही विचारतात आणि पाठोपाठ त्या आईकडे अशा नजरेने पाहतात की, जणू तिनेच पेढे भरवून तो ओढवून आणला. लहान मुलांना सहसा होतो तो मधुमेह, डॉक्टर ज्याला टाइप वन म्हणतात तो, गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या नष्ट करते. मग इन्शुलिन बाहेरून द्यावे लागते, रोज आणि जन्मभर. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोच्या रुग्णालयात चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले. त्याआधी हे निदान झालेली मुले वर्ष-दोन वर्षांपलीकडे क्वचितच जगत. आज ती शिकतात, मैदाने गाजवतात, संसार करतात. मात्र रक्तातली साखर फार वर जाऊ द्यायची नाही आणि फार खालीही, ही कसरत त्यांना रोज करावी लागते.

यातले ‘खाली जाणे’ हा बालवाडीचा प्रश्न आहे. सकाळी घरी इन्शुलिन टोचलेले असते, घाईत उपमा अर्धाच खाल्लेला असतो, आणि नेमकी त्या दिवशी स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम असते. साखर सत्तरच्या खाली घसरते. दहा वर्षांचे मूल सांगेल की, मला गरगरते आहे. साडेतीन वर्षांचे मूल म्हणते, ‘‘मला आई पाहिजे.’’ किंवा शेजारच्याला चिमटा काढते. किंवा सतरंजीवर आडवे होऊन झोपी जाते. बाईंना वाटते, हट्ट चालला आहे, थोड्या वेळाने शांत होईल. आणि खरोखरच ते शांत होत जाते. भीती त्याचीच असते. कपाळावरचा घाम, गार पडलेले हात, बोटांची थरथर या खुणा ज्या बाईंना माहीत आहेत त्या मूल शुद्धीवर असतानाच ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात कालवून पाजतात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासतात आणि मग काहीतरी खायला देतात. पाच मिनिटांचे काम. पण ज्या बाईंच्या कानावर फक्त उडत उडत आले आहे की ‘तिला साखरेचा त्रास आहे’, त्या नेमक्या त्या क्षणी साखर द्यायला घाबरतात. अर्धवट माहिती ही अशी उलटी फिरते.

आमच्याकडे अशी एक मुलगी तीन वर्षे होती. तिची आई पतसंस्थेत नोकरीला. निदान झाल्यापासून ती रजेवर होती आणि पहिल्या दिवशी तिने मला विचारले, ‘‘बाई, मी बाहेर पायरीवर बसू का रोज?’’ ही पायरीवर बसणारी आई मी अनेक बालवाड्यांबाहेर पाहिली आहे. शाळा तोंडाने नाही म्हणत नाही. ‘तुम्ही थांबलात तर बरं’ एवढेच सुचवते. मग ती बाई तीन-तीन वर्षे पर्स मांडीवर घेऊन चपलांच्या शेजारी बसून राहते. नोकरी जाते, शिवणकाम मागे पडते, धाकट्याकडे दुर्लक्ष होते. आणि (हे लिहिल्यावाचून राहवत नाही) त्या पायरीवर बसलेला बाप मला इतक्या वर्षांत एकदाच दिसला. तोही रिक्षाचालक होता आणि त्या आठवड्यात रिक्षा दुरुस्तीला टाकलेली होती.

त्या मुलीच्या आईबरोबर बसून आम्ही एक कागद तयार केला. मराठीत, एकाच पानावर. आजाराचे नाव वर लिहिले, पण जागा सगळी दिली ती रोजच्या गोष्टींना: साखर उतरली की ही मुलगी नेमकी कशी वागते, म्हणजे ओठ चावते आणि डाव्या हाताने फ्रॉक ओढते, ग्लुकोजचा डबा कपाटात कोणत्या खणात आहे, किती चमचे, किती पाण्यात, त्यानंतर काय, बेशुद्ध झाली तर तोंडात काहीही न घालता थेट कुठे न्यायचे, तीन माणसांचे फोन, त्यातला एक जवळच राहणाऱ्या मामाचा. खाली डॉक्टरांची सही, आईची सही, माझी सही. तो कागद कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला, म्हणजे बदली बाईंनाही सापडेल आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या नजरेलाही पडणार नाही. तीन तासांच्या बालवाडीत सहसा सुई टोचावी लागत नाही. ते घरी, जेवणाआधी होते. दिवसभराच्या पाळणाघराचे तसे नाही. तिथे दुपारच्या जेवणाआधीच्या इन्शुलिनची आणि ते ठेवण्याच्या गारव्याची व्यवस्था लागते. ज्यांच्या घरी फ्रिज नाही ते दोन मडकी एकात एक ठेवून मधे ओली वाळू भरतात आणि चालू बाटली त्या गारव्यात ठेवतात. पाळणाघरालाही हे जमण्यासारखे आहे.

मुलांनी हे प्रकरण चार दिवसांत पचवले. मधल्या सुट्टीआधी ती बोट पुढे करायची, मावशी यंत्राने थेंबभर रक्त तपासायच्या आणि भोवती बसलेली मंडळी आकडा ऐकायला कान टवकारायची. एकाने तर रडून गोंधळ घातला की, माझी पण मोजा. दुसऱ्या महिन्यात तिची आई कामावर रुजू झाली.

आता आम्हा बायकांची बाजू. बालवाडीतल्या शिक्षिकेला पगार किती मिळतो हे सांगून मी कोणाची रविवारची सकाळ खराब करणार नाही. अंगणवाडीच्या ताईंना तर जे मिळते त्याला पगारही म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांतून सुरू झालेल्या या योजनेला पन्नास वर्षे उलटली. या काळात ताईंच्या टेबलावरच्या नोंदवह्या वाढल्या आणि २०२१ पासून पोषण ट्रॅकरचा मोबाइलही हातात आला. त्यात ‘आजारी मुलालाही सांभाळा’ असे वरून सांगितले की त्या विचारतात, ‘‘आणि आमच्या हातून काही कमी-जास्त झालं तर? लोक काय म्हणतील? पोलिसात कोण जाईल?’’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर न देता शिक्षिकांच्या माणुसकीला हाक घालणे हा शुद्ध कांगावा आहे.

त्यातही गंमत अशी की, प्रसंगी करायची गोष्ट बहुतेक वेळा फारच साधी असते. अज्ञानापोटी आपण भलतेच करून बसतो. फिट आली की अजूनही कोणीतरी कांदा आणायला पळते, कोणी चप्पल हुंगवते, कोणी दातांत चमचा घालते. करायचे असते ते एवढेच की मुलाला एका कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, आजूबाजूची बाके सरकवायची, तोंडात काहीही घालायचे नाही आणि घड्याळाकडे बघायचे. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा. काही मुलांना डॉक्टर नाकात मारायचा फवारा लिहून देतात. तो कधी मारायचा हे कागदावर लिहिलेले हवे. फिट थांबल्यावर मूल गाढ झोपते, त्याला हलवून उठवू नये. एवढे शिकवायला अर्धा दिवस पुरतो.

फिटच्या बाबतीत लपवाछपवीचे आणखी एक कारण आहे, विशेषतः मुलगी असेल तर. ‘पुढे लग्नाला अडचण नको’ असे चार वर्षांच्या मुलीची आजी मला म्हणाली आहे. आजीला नावे ठेवण्याआधी हे आठवावे की, हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने ‘अपस्मार’ हा शब्द विवाहाच्या आड येणाऱ्या कारणांत घातला होता आणि तो निघाला थेट १९९९ मध्ये. कायद्यानेच तेवीस वर्षे जे सांगितले ते आजीच्या मनातून कसे जाणार?

कायद्याचा विषय निघालाच आहे. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. तीन ते सहा या वयासाठी सरकारने शाळापूर्व शिक्षणाची व्यवस्था करावी असे त्याचे अकरावे कलम म्हणते, पण मुलाच्या हाती हक्क म्हणून काही देत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने एकवीस प्रकार मान्य केले. त्यात थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत. दमा आणि मधुमेह नाहीत. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने मार्च २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना लिहिले की, टाइप वन मधुमेहाच्या मुलांना शाळेत साखर तपासू द्या, इन्शुलिन घेऊ द्या, मधे खाऊ द्या, परीक्षेच्या दालनात गोळ्या आणि फळ जवळ ठेवू द्या. त्याच वर्षी उत्तर प्रदेशाने तशा सूचना काढल्याही. चांगलेच झाले. पण हे सारे त्या मुलासाठी आहे जे स्वतः यंत्र हातात धरू शकते. साडेतीन वर्षांच्या मुलाला ‘परवानगी’ देऊन काय उपयोग? त्याच्यासाठी कोणीतरी मोठ्या माणसाने ते करायला हवे, आणि त्या मोठ्या माणसाचा उल्लेख कुठेच नाही.

इंग्लंडमध्ये यावर नियम आहेत. तिथल्या सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांवर २०१४ च्या कायद्याने अशा मुलांची व्यवस्था करण्याचे बंधन घातले. शाळापूर्व केंद्रांना औषधे देण्याबाबतचे धोरण ठरवावे लागते, प्रत्येक औषधासाठी पालकांची लेखी परवानगी घ्यावी लागते आणि दिलेल्या मात्रेची नोंद ठेवून शक्यतो त्याच दिवशी पालकांना कळवावे लागते. यात श्रीमंत देशालाच परवडेल असे मला काहीही दिसत नाही. वही आणि पेन आमच्याकडेही आहे.

मला सरकारकडून हवा आहे तो एक साधा शासन-निर्णय, जो खासगी बालवाडी, पाळणाघर आणि अंगणवाडी तिघांनाही लागू होईल. आजाराच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, हे त्यात असावे. मुलाच्या डॉक्टरांनी सही केलेला एकपानी कागद शाळेने ठेवावा आणि त्या कागदाप्रमाणे सद्‌भावनेने वागलेल्या शिक्षिकेच्या पाठीशी शासन उभे राहील, हेही स्पष्ट असावे. या शेवटच्या वाक्याशिवाय बाकीचा निर्णय वाया जाईल, असे मी अनुभवाने सांगते. प्रशिक्षणाचा प्रश्न त्यापुढे सोपा आहे. अंगणवाडीच्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी करणारी डॉक्टरांची पथके आहेतच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच पालघरमधून झाली होती. दमा, झटके, हृदयविकार हे त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. पथक मूल तपासते, संदर्भ-चिठ्ठी देते आणि पुढच्या गावाला जाते. त्यातला अर्धा तास त्यांनी ताईंना द्यावा.

हा प्रश्न शहरातल्या फी भरणाऱ्या पालकांपुरता आहे असे कोणी समजू नये. गडचिरोली, नंदुरबारकडच्या पाड्यांवर सिकलसेलची मुले अंगणवाडीत बसतात. त्यांच्या रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटल्यासारखी वेदना होते. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाली. तपासणीची कार्डे दिली जाऊ लागली. ते कार्ड घरात जपून ठेवलेले असते. अंगणवाडीत त्या मुलाला लागते ते असे: भरपूर पाणी, थंडीत अंगभर कपडे, उन्हात फार दमवायचे नाही, आणि ताप आला तर ‘उद्या बघू’ न म्हणता त्याच दिवशी दवाखाना. आणि पाणी जास्त प्यायले की मूल पुन्हा पुन्हा बाहेर जायला मागते, त्यावर रागवायचे नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, तेव्हा मूल शाळेत बसेल असे करण्याऐवजी शाळा मुलाला बसेल अशी केली होती. आपल्याला वेगळे काही शोधून काढायचे नाही.

शासन-निर्णय निघेल तेव्हा निघेल. आम्ही आमच्यापुरता अर्ज बदलला. ‘जुनाट आजार आहे काय’ हा रकाना काढून टाकला. प्रवेश पक्का होऊन पावती हातात दिली की मग दुसरा कागद देतो. त्यावर एवढेच विचारलेले असते की, तुमच्या मुलाला सांभाळताना आम्हाला काय काय माहीत असायला हवे? पावती आधी, प्रश्न नंतर. या क्रमाने काय फरक पडला म्हणून सांगू! लोक पान उलटून मागे लिहू लागले. ऑपरेशन झालेले हृदय, रात्रीची गोळी, स्टिरॉइडमुळे सुजलेला चेहरा आणि त्यावरून मुले चिडवतात ही तक्रार, आणि एका वडिलांनी तर मिक्सरच्या आवाजाला पोरगी घाबरते हेही लिहिले. खेळता खेळता मधेच उकिडवा बसणारा एक मुलगा आळशी आहे असे घरच्यांनाही वाटत होते. तेही त्याच कागदावर आले, आम्ही त्याला मिरजेला डॉक्टरांना दाखवायला सांगितले आणि हृदयाचे दुखणे निघाले.

उरले इतर पालक. ‘फिट लागत नाही ना दुसऱ्या मुलांना?’ असे विचारणारे आता कमी झाले. वाढदिवसाला चॉकलेटांऐवजी खोडरबर वाटा म्हटले की थोडी कुरकुर होते, तीही निभते. मात्र एका बाबतीत त्यांची मदत फार लागते. मूत्रपिंडाच्या विकारासाठी स्टिरॉइड घेणारे किंवा रक्ताच्या कर्करोगाचे उपचार चालू असलेले मूल वर्गात असेल, तर त्याला कांजिण्यांचा संसर्ग फार महागात पडू शकतो. संसर्ग झाल्याचे लगेच कळले तर डॉक्टरांना पहिल्या काही दिवसांत उपाय करता येतात. उशीर झाला तर ती संधी जाते. म्हणून आपल्या मुलाच्या अंगावर पहिला फोड दिसला की, त्याला घरी ठेवून त्याच सकाळी शाळेला फोन करावा. नाव आम्ही कोणाला सांगत नाही. ज्या एका घरी कळवायचे असते तिथे मधल्या सुट्टीच्या आत कळवतो.